दोन मडक्यांच्या मधोमध

अणदूर,
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. रणधीर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सराव सुरू असेपर्यंत तुमचे फोन जमा असतात, त्यामुळं का होईना, तू पत्रं लिहायला लागलास याचा आनंद पहिल्या पानापर्यंत टिकला. दुसऱ्या पानावर तू सहज लिहितोस, की खोलीत घुसून ओलिसाला सोडवायच्या सरावात उस्ताद म्हणून तू स्वतःच ओलीस होऊन खुर्चीत बसतोस. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर पुठ्ठ्याचे शत्रू, आणि दारातून येणारा जवान त्यांच्यावर खऱ्या गोळ्या झाडतो. वर आणखी, काळजी नसावी!

ते पान मी आईला वाचून दाखवलं नाही. एवढ्यात संपलं का, असं तिनं विचारलं, तर मी म्हणालो, अक्षर बारीक आहे.

डायरीत मात्र तुझ्याविरुद्ध चार पानं लिहिली. खुर्चीत भुसा भरलेला माणूस बसवला तर काय बिघडतं, वगैरे. पाचव्या पानावर लक्षात आलं, की लिहिणारा ज्या खुर्चीत बसलाय तिला सर्वांत मोठा धोका कॉलेजच्या डगमगत्या पंख्याचा आहे. अनुभव नसताना मत देणं मला पटत नाही. (तुझी वहिनी सोनाली म्हणते, अनुभव असतानाही यांना पटत नाही.) म्हणून ठरवलंय. आपल्या ज्वारीत दोन बुजगावण्यांच्या मधोमध उभा राहणार आणि सिताबाईला गोफणीनं दोघांची मडकी फोडायला सांगणार. रानं राखणाऱ्यांत तिच्यासारखा नेम पंचक्रोशीत नाही. मग तुला लिहीन ते अधिकारानं.

लोभ आहेच; तू तो जपून ठेव, आणि स्वतःलाही.

तुझा,
कृष्णराजदादा


ता. ४ जानेवारी २०२५
(ठिकाण लिहिता येत नाही)

तीर्थस्वरूप दादांस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

दादा, असलं काही करू नका. तुम्ही लहानपणी पतंगाच्या मांज्याला भ्यायचात. वहिनींना सांगून तुमच्या चपलाच लपवायला हव्यात.

भुशाचं विचारलंत. भुशाला आई नसते, आणि गोळी झाडणाऱ्याला ते माहीत असतं. भुशाशेजारी शिकलेला हात खऱ्या माणसाशेजारी थरथरतो. खुर्चीत मी असलो की पोरं श्वाससुद्धा मोजून घेतात. धोका आहे, कबूल. पण धोक्यातच काम करायला शिकवायचं, तर त्याला घरी ठेवून कसं भागेल?

एक वाईट बातमी आहे. सोमवारी भीमाशंकर नावाच्या जवानाची गोळी माझ्या डाव्या खांद्याला चाटून गेली. दोन टाके पडले. जेवण-झोप व्यवस्थित. हा भीमाशंकर तिकडचा आळंदचा, तुकडीतला सर्वांत तयार गडी. चिडला की कानडीत पुटपुटतो. आता त्याला जुन्या पलटणीत परत पाठवतील. तीन वर्षं घासून इथवर पोचला होता. २५ तारखेला चौकशी आहे आणि माझ्या जबाबावर सगळं आहे. पण मी काय सांगणार? गोळी लागली ती लागली. त्यानं स्वतःच चूक कबूल केली आहे. वाईट वाटतं, दुसरं काय.

टाक्यांचं आईला कळू देऊ नका. वडीलकीची माया आहे तशीच असावी.

आपला,
रणधीर


अणदूर,
ता. १४ जानेवारी २०२५

चि. रणधीर यास आशीर्वाद, आणि पाकिटात तिळगूळ. मुंग्या निघाल्या तर त्याही आपल्याच घरच्या समज.

तुझं पत्र पोचण्याआधीच, ५ तारखेला, मी उभा राहिलो. खंडोबाची मूर्ती दरसालच्या मुक्कामाला नळदुर्गला गेलेली, म्हणजे गावचा देवही साक्षीला नव्हता. सिताबाई आधी नाहीच म्हणाली. मास्तर, ही पाखरं हाकायची गोफण हाय, माणसं हाकायची न्हाय, असं तिचं म्हणणं. मी तिला खरेपणा आणि सुरक्षितता या विषयावर दहा मिनिटं समजावलं. ऐकून कंटाळली आणि मचाणावर चढली.

उजवं मडकं पहिल्याच दगडात फुटलं. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच फोडलं. दुसऱ्या वेळी गोफण गरगरल्याचा आवाज कानावर आला आणि एम.ए., बी.एड. झालेल्या या देहानं सगळं शिक्षण विसरून डावीकडं उडी घेतली, थेट मडक्याच्या पुढ्यात. दगड माझ्या कोपरावर बसला. मडकं शाबूत.

खरी लाज पुढंच आहे. गावभर झालं, की म्हातारीचा नेम गेला. शेजारच्या बब्रुवाननं आपल्या रानाची राखण तिच्याकडून काढून घेतली. लोक मला बघायला यायचे, आणि मी हळदीचा लेप लावलेलं कोपर दाखवत गप्प बसायचो. डायरीतही चार दिवस एवढंच, की दगड लागला. जणू दगडालाच हुक्की आली होती. पाचव्या दिवशी सोनालीनं लेप लावता लावता विचारलं, की उजवं मडकं दिसलेल्या बाईला अर्ध्या मिनिटात डावं दिसेनासं कसं झालं?

मग स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन बब्रुवानसमोर सांगितलं, की नेम बरोबर होता, मी हललो. सगळे पोट धरून हसले. बब्रुवान मात्र म्हणाला, मास्तर, तुमी लई भले, म्हातारीला वाचवायला असं बोलायलाव. इतकी वर्षं प्रामाणिक म्हणून मिरवल्याचं हे फळ. खरं बोललो तर कुणी विश्वास ठेवीना. सिताबाई एवढंच म्हणाली, की बुजगावणं बरं, भ्यालं तरी जागा सोडत न्हाय.

आता विचारतो, रागावू नकोस. गोळी लागली, असं तू लिहिलंस. तू हलला नव्हतास, असं कुठंच लिहिलेलं नाही. पत्र तीनदा वाचून पाहिलं.

लोभ ठेव. तो ठेवणं अवघड गेलं तर निदान उत्तर पाठव.

तुझा,
दादा


ता. २८ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राचा राग आला. तीन दिवस ते ट्रंकेत पालथं घालून ठेवलं होतं.

दादा, मी हललो होतो. शंभरावर वेळा त्या खुर्चीत बसलोय. त्या दिवशी दाराबाहेर बूट वाजले आणि खांदा आपोआप डावीकडं गेला, वीतभर. का, ते अजून कळलेलं नाही. पोरांना धाडस शिकवणारा मी, आणि एवढं कबूल करण्यापेक्षा त्या पोराचं परत जाणं मला सोपं वाटत होतं. भीमाशंकरनं मला हलताना पाहिलं होतं. तरी चूक माझीच असं म्हणत तो खाली मान घालून उभा. उस्तादाला खोटं पाडायचं नाही म्हणून.

२५ ला साहेबांसमोर सांगून टाकलं. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. भीमाशंकर इथंच राहिला. मला खुर्चीवरून उतरवलं आणि भुशाचा माणूस मंजूर झाला. म्हणजे तुम्ही जिंकलात. ओलीस साधा, घरचा माणूस दिसायला हवा, तेव्हा तुमचा एखादा जुना शर्ट पाठवा. तुमच्याइतका ओलीस दिसणारा माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही.

माया कमी होऊ देऊ नका. झाली असेल तर कारण योग्य आहे.

आपला,
रणधीर


अणदूर,
ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. रणधीर यास आशीर्वाद.

शर्ट पाठवतोय. प्राचार्यपदाच्या मुलाखतीला घातला होता, म्हणजे त्याला मार खायची सवय आहे. आईनं बटण लावून इस्त्री केली आणि विचारलं, कुणाला रे? मी म्हणालो, एक गरीब आहे, त्याला पुढं-मागं कुणी नाही. डायरीत अर्धं खोटं म्हणून नोंद केली.

खंडोबा गावात परत आला, सिताबाईची राखण आली नाही. मी आपल्या रानात बोलावलं, तर दयेची राखण नको म्हणाली. गोफण खुंटीला टांगलीय. ती बघवत नाही.

तू जे केलंस त्यानं ऊर भरून आला, हे तुला तोंडावर सांगणं जमणार नाही, म्हणून इथं शेवटी लिहितो.

दादा


ता. २० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या शर्टाला पहिल्याच आठवड्यात तीन भोकं पडली. तिन्ही वेगवेगळ्या पोरांची. मी खुर्चीत होतो तेव्हा दीड वर्षात, माझ्या हलण्याची एक सोडली, तर एकही नाही. म्हणजे तुम्ही जिंकला नाहीत, आणि मीही नाही; माझ्या खांद्यावर टाक्यांचे वण आहेतच. साहेबांनी आता असं ठरवलंय, की आधी भुसा. एकाच जवानाच्या वीस फेऱ्या बिनभोकाच्या झाल्या तरच माणूस. आणि बसणाऱ्यानं त्या सकाळी आज नको म्हटलं, तर कारण विचारायचं नाही.

मंगळवारी भीमाशंकरच्या वीस झाल्या. बसायला मीच पुढं झालो. तो दारात आला, पापणी लवेल इतका अडखळला, मग दोन गोळ्या, दोन्ही पुठ्ठ्यांच्या कपाळात. मी हललो नाही, दादा. अडखळल्याबद्दल मात्र त्याला नंतर चांगलंच झापलं. खऱ्या प्रसंगात तेवढ्यात ओलीस जायचा. त्यानं मुकाट ऐकून घेतलं.

भुशाला आता माझा शर्ट घातलाय. तुमचा परत पाठवतोय. आईच्या हाती पडू देऊ नका. बाकी माया आहेच, ती मी धरून चालतो.

आपला,
रणधीर


अणदूर,
ता. २ मार्च २०२५

चि. रणधीर यास अनेक आशीर्वाद.

शर्ट नेमका आईच्याच हाती पडला. तिनं एकेका भोकात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, की त्या गरिबाला फार लागलं का? मग माझ्यानं राहवेना. सगळं सांगितलं, टाक्यांसकट. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भोकं रफू करायला बसली. तुझा फोन परत मिळेल तेव्हा तयारीत राहा.

तोच रफू केलेला शर्ट घालून मी काल पुन्हा ज्वारीत उभा राहिलो. काढणी तोंडावर आली होती, आणि तोंडानं सांगून कुणी ऐकत नाही हे कळलं होतं. बब्रुवानला आणि निम्म्या गावाला बोलावलं. सिताबाईनं तुमच्या साहेबांसारखीच अट घातली, की आधी मास्तर बाजूला. दोन मडकी फुटली. नवी लावली, मी मधे गेलो. उजवं फुटलं. मग गोफण गरगरली.

आणि रणधीर, मी पुन्हा हललो. सगळ्या गावासमोर, डावीकडं, तुझ्यासारखा वीतभर नव्हे, चांगला हातभर. डायरीत आधी हललो नाही असं लिहिलं होतं, मग खोडलं.

पण दगड आलाच नाही. गोफण नुसती फिरत राहिली. मी ओशाळून जागेवर आलो, तेव्हा तो सुटला आणि मडक्याच्या खापऱ्या माझ्या पायांवर पडल्या. बब्रुवाननं तिथल्या तिथं पुढच्या हंगामाची राखण तिला देऊ केली. बघू म्हणाली.

तुला कसं कळलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, माणूस हाय म्हटल्यावर हलणारच की मास्तर. त्याचं हलून होईस्तोवर थांबायचं. पयल्या बारीला म्याच थांबले न्हाय.

तेव्हा भीमाशंकर दारात का थांबला होता, ते त्याला एकदा विचार. तू हलला नव्हतास, की तुझं हलून झालं होतं, हे फक्त त्यालाच माहीत असणार. आणि झापलंस ते परत घे.

आपला लोभ मधूनमधून हलला तरी चालेल, जागेवर परत आला म्हणजे झालं.

तुझा,
कृष्णराजदादा