सोळा पानांची पत्रिका

मोहाचापाडा, ता. भिवंडी
४ ऑगस्ट २०२४

ती. लडकूमामांस,
तुळजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही अर्धा तास काल्हेरच्या गोदामाचं सांगता आणि माझी पाळी आली की ट्रक लागला म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र.

आपल्या वाचनालयावर संक्रांत आली आहे. उपसरपंच विशालला त्या खोलीत जिम हवी. पंचायत म्हणते, घरटी एक असे शंभर सभासद दसऱ्यापर्यंत दाखव, नाहीतर किल्ली दे. सध्या एकतीस आहेत. बारा वर्षं ती खोली मी सांभाळतेय, मामा. ती गेली तर मला घरचं माणूस गेल्यासारखं होईल.

मदत मागितली तर गावाने सढळ हाताने दिली. चार भिंतींना चार घड्याळं आली, प्रत्येकावर देणाऱ्याच्या वडिलांचं नाव. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात, पण एक जरी उतरवलं तरी भावकी तुटेल. पुस्तक मात्र कोणी दिलं नाही. कपाटात गेलं की त्यावरचं नाव दिसत नाही ना!

गावातलं घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुम्ही सभासद व्हा. अर्ज सोबत आहे. त्यावर नाव आपल्याच हाताने लिहायचं असतं.

मामीला नमस्कार. भाचीवर माया राहू द्यावी.
तुळजा


काल्हेर
१२ ऑगस्ट

चि. तुळजा हिस,
मामाचे अ. आ.

पत्र पोचलं. मी सांगतो आणि सूनबाई रंजिता लिहिते, तेव्हा अक्षर तिचं आणि अक्कल माझी समज.

अगं, आपला गाव आणि वाचणार? हळदीला डीजे नसेल तर जो मांडवात पाय ठेवत नाही, तो तुझ्या खोलीत मुकाट बसेल? आपली माणसं नीट वाचतात ती एकच गोष्ट, लग्नाची पत्रिका. निमंत्रकांत आपण कितवे, चुलत्याचं नाव वर का, ठळक अक्षरात कोण! आपल्या भावकीतल्या काशीचं नाव जावेच्या खाली छापलं, तर तिने हळदीचं जेवण टाकलं. नावाचे भुकेले सगळे. मला विचारशील तर जिम होऊ दे, निदान पोटं तरी उतरतील.

अर्जाचं नंतर बघू, इथे माल उतरतोय. मामाचा हात डोक्यावर आहेच.
लडकू


मोहाचापाडा
२० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमची थट्टा मी मनावर घेतली. दसऱ्याला वाचनालयाचा वाढदिवस ठरवला, पत्रिका छापायला काढली आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर दोन बायांच्या कानात सांगितलं, की निमंत्रक फक्त सभासदच. चार दिवसांत अर्ज संपले! खुद्द विशाल अठ्ठावन्नावा सभासद झाला. त्याला जिम हवी आहे, पण पत्रिकेबाहेर राहणं परवडत नाही.

पत्रिका सोळा पानांची झाली आणि गाव ओळ न् ओळ वाचतंय. जानकीबाई तर आपलं नाव खाली का म्हणून भांडायला आली. तिला बसवलं, पाणी दिलं, राग उतरेपर्यंत हातात एक पुस्तक दिलं. ते ती घरी घेऊन गेली.

नव्व्याण्णव घरं झाली. आता फक्त तुमचं उरलं आहे. पत्रिका सोबत पाठवते. उत्तराकडे डोळे लावून आहे.
तुळजा


काल्हेर
२८ सप्टेंबर

ग्रंथपाल तुळजाबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्रिका मिळाली. रंजिताने ती दोनदा वाचून दाखवली. मी काही नावाचा भुकेला नाही, हे आपणांस ठाऊक आहे. पण ज्याला खोली हवी तो विशाल पाचव्या पानावर चौकटीत, आणि तुम्हाला हाताला धरून बोहल्यावर नेणारा मामा एकाही पानावर नाही? तुमच्या मामीला जेवण गोड लागत नाही. यापुढे पत्र नको.

लोभ होता, तो आवरला आहे.
लडकू पोशा तरे


मोहाचापाडा
२ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रुसा, पण अर्ज भरून रुसा. सभासद नसलेल्याचं नाव छापलं असतं तर विशालने आपल्या म्हशीचंही घालायला लावलं असतं. आता तो प्रत्येक अर्जावरचं अक्षर तपासतोय, तेव्हा रंजितावहिनीच्या हातचं चालणार नाही. सभासद मोजायची ग्रामसभा दसऱ्याआधीच, दहा तारखेला आहे. एका घरासाठी खोली जाईल, मामा. तुमच्या एका ओळीसाठी पदर पसरते.
तुळजा


काल्हेर
८ ऑक्टोबर

तुळजावन्सं, मामंजींनी बजावलं आहे की या वेळी एकही शब्द सुधारायचा नाही. ते बोलले तसंच लिहिते. — रंजिता

तुळजे, मना लिवता येत न्हाय. वाचता बी येत न्हाय. दोन वर्सं सालंत गेलो, मंग बापाने रेतीच्या होडीवर लावला. ही गोठ तुजे मामीला ठावं, आन आता हे पोरीला. तुजा अरज आला तवापासून उशीखाली हाय. लाज वाटली म्हनून गावाला हसलो. पत्रिकेन नाव न्हाय म्हनून तुज्यावर चिडलो, पन नाव असता तरी मना ता सापडला नसता.

चार दिस झाले, रंजिता मना नाव गिरवाला लावते. गोदामाची पोरं इचारतात, शेठ काय लिवता? मी सांगतो, हिसाब. आज अरजावर लिवला. वाकडा हाय, पन माज्या हातचा हाय. विशालला दाव.

पत्रिका आता परत छापू नको. मी रैवारी येतो, पयला धडा तूच घे.