प्यूजोच्या टपावरचं कुंकू

अमर,

उठल्यावर शोकेसमध्ये तुझी ती फ्रान्सची छोटी प्यूजो गाडी दिसणार नाही. घाबरू नकोस, माझ्यापाशी आहे. साडेसातच्या बसनं लातूरला महादेवप्पामामाकडं निघाले.

परवा खंडेनवमीला तू नांदेडला होतास, तेव्हा मी तिला बाहेर काढून पूजा केली. तेवढ्याशा चाकाखाली लिंबू कुठला मावतोय, मिरीचा दाणा ठेवला. कुंकवाचं ओलं बोट टपावर टेकवलं, ते पांढऱ्या रंगात मुरलं. काल लिंबानं पुसायला गेले तर जास्तच पसरलं. मामाला फोन केला तर तो ओरडलाच, "अक्का, आता हात लावू नको माय, हाय तशी घेऊन ये!" गाड्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं, त्याला काहीतरी सुचेल.

संध्याकाळी तुझे मित्र तीच बघायला येणार, हे ध्यानात आहे. सकाळी पूजेला इष्टलिंग हातात घेतलं तरी डोळ्यांपुढं तो डागच. पाचच्या आत येते. भाकरी डब्यात आहे, माझा सोमवार आहे, माझ्यासाठी ठेवू नकोस.

तुला न विचारता उघडली, ही माझी चूकच. पण दारातल्या मोठ्या गाडीला तू हात लावू देत नाहीस, "आई, पेंट खराब होतो" म्हणतोस, आणि रोज तीच घेऊन त्या नांदेडच्या धोक्याच्या रस्त्यानं जातोस. धाकटीची पूजा थोरलीला पोचेल असं वाटलं.

डाग निघाला नाही तर काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन. त्यानंतर मोठ्या गाडीला कुंकवाचं एक बोट लावू दे. डिकीच्या आत लावते, कुणाला दिसणार नाही.

आई