कमान मंजूर, कौतिकबाई गैरहजर

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. आमच्या चौक सुधार समितीची बैठक दोन तास चालली, त्यातला दीड तास एकट्या कमानीनं खाल्ला. बाजाराच्या तोंडाशी कमान हवी म्हणे! तिच्यावर कुणाच्या वडिलांचं नाव टाकायचं, यावर दोघं एकमेकांची गचांडी धरायचेच बाकी होते.

बायकांसाठी मुतारी, हा माझा विषय सगळ्यात शेवटी. त्यावर बोलायला कौतिकबाईंना मी मुद्दाम आणलं होतं. त्या करमाडहून भाजी आणून दिवसभर चौकात विकतात. चहा आला तर त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "मला नको मास्तर. पिलं की जायचं कुठं? सकाळपासून पाण्याचा घोट नाय घेतला."

म्हटलं, हेच बैठकीत सांगा.

"व्हय, सांगते की. माझा नंबर तर येऊ द्या."

पण कमान काही संपेना. शेवटी त्या उठल्याच. "आता लई झालं मास्तर, दम निघत नाय," असं हळूच सांगून घराकडं गेल्या.

मग अध्यक्षांनी विचारलं, "महिलांतर्फे कोण बोलणार?" कुणीच नाही. त्या का गेल्या, हे मी उठून सांगायला नको होतं का? तीस वर्षं वर्गात घसा फोडला, अन् आज चारचौघांत जीभ रेटली नाही!

"विषय पुढच्या बैठकीत. लिहा, महिला गैरहजर."

सचिव मीच. त्यांचा तो कप समोर होता, गार, साय धरलेला. तरी लिहिलं.