आठव्या रिळासह

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त वकील आणि आमच्या चित्रपट मंडळाचा संस्थापक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण धाकट्या भावाने तोच मुद्दा उकरून काढला आहे. एकच जपानी चित्रपट त्रेचाळीस वेळा पाहणाऱ्याचे डोके ठिकाणावर नसते, असे तो म्हणतो. त्याने डॉक्टरीणबाईंना घरी आणले. त्यांनी विचारले, "काका, त्यातली बाई तुमच्याशी बोलते का हो?" मी म्हणालो, "बोलते की. पण जपानीत. मला खालच्या ओळी वाचाव्या लागतात." दाखला सोबत जोडला आहे.

१. त्या चित्रपटाची आठ रिळांची प्रत माझ्या मालकीची आहे. डब्यांना आंबूस वास येतो, तो जुन्या फिल्मचा, माझ्या मेंदूचा नव्हे. चित्रपटात एक कुंभार बायकोच्या कानावर भाळतो. मातीचे कान घडवतो, शेकडो. एकही मनासारखा उतरत नाही. ती भूक लागली म्हणते, माहेरी जायचे म्हणते; तो कान न्याहाळत राहतो. आठव्या रिळात तो तिचा खरा कान कापून नमुना म्हणून समोर ठेवतो. रक्त दिसत नाही. भिंतीवर मांडलेले ते सगळे कान दिसतात आणि तिचा आवाज ऐकू येतो.

भाऊ मंडळाचा चिटणीस आहे. त्याला हे रीळ गाळायचे आहे. "दादा, लोक घाबरतात रे. सातव्यापर्यंत किती छान प्रेमकथा आहे!"

अरे, हाच तर गुन्हा आहे! सातव्यापर्यंत ती आपल्याला प्रेमकथा वाटते. जित्या माणसाची वस्तू होताना पाहून आपण खुर्चीत सुखावतो आणि आठव्यात आपली चोरी पकडली जाते. ती पकडली जाऊ नये म्हणून कात्री हवी. देणार नाही!

म्हणून ही प्रत मंडळाला न देता ऑपरेटरबाईंना देत आहे. सव्वीस वर्षे प्रोजेक्टर चालवताना त्यांनी फिल्मवर एक ओरखडा येऊ दिला नाही आणि माझ्या एकाही भाषणाची स्तुती केली नाही. दाखवायची तर आठही रिळे, नाहीतर एकही नाही. भाऊ कोर्टात गेला तर माझी सर्व शिल्लक त्यांनी हा खटला लढवण्यासाठी वापरावी.

२. राहते घर पत्नीला, विनाअट. ती बारा वर्षे वेगळी राहते. हा चित्रपट तिने एकदाच पाहिला. बाहेर जिन्यात मला म्हणाली, "अहो, तुम्हाला बायको नकोच होती. श्रोता हवा होता." तिचे कसे चुकते, हे मी तिथेच उभे राहून वीस मिनिटे समजावले. तिने शांतपणे पर्स उघडली, घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ती बहिणीकडे निघून गेली.

त्यानंतर मी चित्रपट आणखी बेचाळीस वेळा पाहिला. तिच्या युक्तिवादातली खोट शोधत होतो. सापडली नाही. आठवे रीळ माझ्याविरुद्धचा पुरावा आहे, आणि पुरावा कापू देणारा वकील मी नव्हे.

३. पुस्तके भावाला. पाने न गाळता वाचावीत.

४. माझी शोकसभा घेऊ नये. भावाने भाषण लिहायला घेतले असेल, तर थांबावे. त्याऐवजी चित्रपट दाखवावा, दारे उघडी ठेवून. ज्याला उठून जायचे त्याने जावे. आधी कोणीही प्रास्ताविक करू नये. संपल्यावर, पत्नी आली असेल आणि तिची इच्छा असेल, तर तिने बोलावे. हवे ते, हवा तितका वेळ. मध्ये कोणी बोलू नये. माझी बाजू तर कोणीच मांडू नये.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर, सकाळी अकरा

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार :
(सही) डॉक्टरीणबाई. यांना तपासले आहे. शुद्धीवर आहेत.
(सही) शेजारचे शिंपी. आपल्याला ते कानाचे बघवणार नाही. पण वहिनी बोलणार असतील तर येईन.