मीनाच्या आईचा भाऊ

बेंगळूरु, रविवार, ७ सप्टेंबर २०२५
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. सराव परीक्षेचा पेपर चौथ्यांदा तपासत बसलो आहे.

ती. प्रेमाअक्कास गिरीराजचा शि. सा. न. वि. वि.

फोन परीक्षेपर्यंत आईच्या कपाटात ठेवला आहे, म्हणून हे पत्र. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी जे. पी. नगरला नागनाथ सरांची एक मोफत तुकडी आहे. तिला सराव परीक्षेत सत्तर गुण लागतात. मला एकोणसत्तर मिळाले. दहावीनंतर शाळा सुटलेल्या, बारावी बाहेरून केलेल्या आणि चिकपेटेत साड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाला दुसरी सोय नाही.

गेलेला गुण असा. रवी हा मीनाच्या आईचा सख्खा भाऊ आहे, तर पुढीलपैकी काय अशक्य? मीना रवीहून मोठी आहे, रवी अविवाहित आहे, रवी मीनाचा नवरा आहे, की यांपैकी काहीच अशक्य नाही? मी शेवटचा पर्याय लिहिला. छापील उत्तर म्हणते, रवी नवरा असणे अशक्य. अक्का, तुझे यजमान आपल्या आईचे सख्खे धाकटे भाऊ! सर उत्तरं सांगत होते तेव्हा मी उभा राहून सांगितलं की आमच्याकडे अशी लग्नं होतात. सगळा वर्ग हसला. एकाने विचारलं, कुणाचं झालंय? मी घाबरलो आणि चुलत बहिणीचं म्हणालो. तेव्हापासून जेवण जात नाही.

हरकत शनिवारपर्यंत, पुराव्यासह द्यायची आहे. तुझी लग्नपत्रिका पाठवशील का? रागावली असशील तर स्वल्पच रागाव.

तुझा,
गिरीराज

कोलार, १० सप्टेंबर

चि. गिरीराज यास अनेक आशीर्वाद.

दहा वर्षं मी अशक्य संसार करते आहे, हे आत्ता कळलं. मामांना पत्र वाचून दाखवलं. सरांचंच बरोबर, ही बाई अशक्यच आहे, असं म्हणून ते दुकान उघडायला गेले. (बघ, अजून तोंडातून मामाच येतं. सासूबाईंना आजी म्हणते ते वेगळंच.)

पण चुलत? त्या एका शब्दापाशी माझा भात करपला. ताप आला की तुला कडेवर घेऊन दवाखान्यात कोण जायचं रे, चुलत?

सरी, बरं, पत्रिका पाठवते. अट एकच. सगळ्यांसमोर उभं राहून, सख्खी बहीण म्हणून वाचायची. अभ्यास कर, आणि आधी जेव.

तुझीच,
अक्का

बेंगळूरु, शनिवार, १३ सप्टेंबर, दुपारी तीन

ती. अक्कास सा. न. वि. वि.

वाचली. सख्खी म्हणालो, दोनदा. वधूची आई सौ. मथुरा आणि वराची बहीणही सौ. मथुरा हे पाहून सरांना ती छापखान्याची चूक वाटली. मग मी हिंदू विवाह कायदा दाखवला. असं लग्न त्यात मना आहे, पण ज्यांच्यात रूढी आहे त्यांना मोकळीक आहे. सरांनी ते दोनदा वाचलं, माझं म्हणणं बरोबर असल्याचं कबूल केलं आणि गुण मात्र देता येत नाही म्हणाले. पेपर आणि उत्तरं बाहेरून येतात, ती बदलली तर इतरही भांडायला येतील. बरोबर असूनही एकोणसत्तर! तुकडी गेली. आता पहाटे एकट्यानेच अभ्यास करीन.

पण राग त्याचा नाही. आज कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या सौम्याने मात्र विचारलं की लग्न शक्य आहे हे कळलं, पण तुझ्या बहिणीला ते हवं होतं का. लग्नात तू एकोणीसची होतीस, मी तेराचा. त्या सकाळी तू न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर आली नव्हतीस, एवढंच आठवतं. मी पत्रिकेतलं प्रत्येक नाव तपासलं, कलम पाठ केलं, आणि हे तुला कधी विचारलंच नाही.

अक्का, तू हो म्हणाली होतीस का? मामांना न दाखवता लिही. उत्तर काहीही असलं तरी माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
गिरीराज