साडीची ओळ

मांजरी,
बुधवार, दुपार

प्रिय सृष्टी,

तुझे चार फोन मी उचलले नाहीत. रागावली असशील. पण हा फोन ऋषीने साखरपुड्यात दिलेला आहे आणि तो घरी आला की सहज हातात घेऊन चाळतो. आपल्यात काय लपवायचं, असं हसत म्हणतो. म्हणून कॉलेजच्या जर्नलची उरलेली कोरी पानं काढून लिहायला बसलेय.

ऋषीचे वडील जयसिंगराव साठ वर्षांचे होतायत. हडपसरला स्वतःच्या शेतात इमारती उभ्या करणारा माणूस, साठी अंगणातल्या मांडवात कशाला करील? येत्या सोमवारी आई-अण्णांसह दोन्ही घरं मुंबईहून जहाजाने निघणार, तीन दिवस समुद्रावर. तिकिटांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली. दुसऱ्या संध्याकाळच्या मोठ्या जेवणाला औपचारिक पोशाख लागतो, तो कसा असावा याची त्यात दोन पानं. ती अर्थातच माझ्याकडे आली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. लाइट बिलापासून सातबाऱ्यापर्यंत ज्याला त्याला न कळलेलं सगळं माझ्यासमोर येतं. मी व्यवस्थित मराठीत उतरवलं. पुरुषांनी गडद सूट आणि टाय, नाहीतर बंदगळा. बायकांनी पायघोळ गाऊन, किंवा साडी, किंवा आपापल्या देशातला पारंपरिक पोशाख. हाफ पँट आणि रबरी चपला चालणार नाहीत.

प्रेमलाकाकूंनी, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, कागद वाचला, पेन मागून घेतलं आणि साडीच्या ओळीवर रेघ मारली. साडी काय आपण रोजच नेसतो, म्हणाल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून, आता नीट उतरवून काढ, म्हणजे सगळ्यांना एकच कळेल. वाईट नाहीत गं त्या. नव्या गाऊनमध्ये त्यांना स्वतःला धड बसता येत नाही, तरी कौतुकाने आरशासमोर उभ्या राहतात. मी दुसरा कागद लिहिला, साडीशिवाय. आणि तोच घरी आणून आईला वाचून दाखवला.

गाऊन आहेर म्हणून आले. सगळ्या बायकांना एकसारखे, जांभळे. काकूंनी माझी ओटी भरली तेव्हा तांदूळ-नारळाबरोबर तो गाऊनही ओटीत घातला. कुंकवाचं एक बोट त्याच्या गळ्यावर उमटलंय, ते निघत नाही. ओटीतलं परत करायचं नसतं, हे तुला माहीतच आहे. खोक्याचं झाकण लावताना मला वाटलं, आत मीच आहे.

रविवारी कोथरूडच्या दुकानात आईच्या गाऊनचं माप बघायला गेलो. ती पडद्याआड गेली ती बाहेरच येईना. मी आत डोकावले. पाठीवरची चेन मध्येच अडकली होती, वर जाईना की खाली येईना, आणि आई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचा हात सारखा डोक्याकडे जायचा, पदर सावरायला. पदर नव्हताच. मी चेन सोडवत होते तेव्हा ती म्हणाली, "तू लिवलंयस म्हंजी तसंच आसंल. घालीन मी. सवय व्हती बघ. मला झाली, तुलाबी व्हईल." ती गाऊनबद्दलच बोलत होती का, हे मी विचारलं नाही.

तुला आठवतं, शेवटच्या वर्षी आपण मातीचे नमुने घ्यायला धाराशिवकडे गेलो होतो? तिथल्या उत्तरेश्वर आजोबांनी माती परीक्षणाचा अहवाल उलटा धरला होता. मी शेजारी बसून ओळन् ओळ समजावली, तेव्हा ते म्हणाले, आजवर कागद देणारे लई आले, वाचून दाखवणारी तू पहिली. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपल्या शिक्षणाचा हाच उपयोग. आणि त्याच तोंडाने मी आईला खोटा कागद वाचून दाखवला.

आज सकाळी तिला खरं सांगितलं. मूळ पुस्तिका उघडून साडीच्या ओळीवर बोट ठेवलं. आई भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "आजून काय काय खोटं सांगितलंस?" मग मी ट्रंकेतून तुमच्या संस्थेचं, धाराशिवला शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या नोकरीसाठी आलेलं निवडीचं पत्र काढलं. हो सृष्टी, घरी मी सांगितलं होतं की माझी निवड झालीच नाही. लग्नानंतर बघू, असं ऋषी म्हणाला होता, आणि नंतर काही बघत नाहीत हे कळूनही भांडण नको म्हणून मी गप्प बसले. आईने अक्षर अक्षर जुळवत माझं नाव वाचलं, दोनदा. मग विचारलं, "कधी जायाचं हाय?" सोमवारी, म्हटलं. जहाजाच्याच दिवशी.

म्हणून हे पत्र. गाऊन सैल करून आणते असं अण्णांना सांगून आई उद्या कोथरूडला तुझ्या ऑफिसात येईल. तिच्या पिशवीत या पत्राखाली माझं सही केलेलं संमतीपत्र आहे. ते शुक्रवारच्या आत तुमच्या सरांच्या हातात दे, आणि धाराशिवच्या कामासाठी तू तिथे घेतलेल्या खोलीत माझ्यासाठी जागा ठेव. आईला चहा दे, ती स्वतःहून मागणार नाही. मला खूप भीती वाटतेय. अण्णा काय म्हणतील माहीत नाही, साखरपुड्याचं काय होईल तेही नाही. शनिवारी हडपसरला जाऊन ओटीतला गाऊन परत द्यायचा आणि ऋषीला तोंडावर सांगायचं, हे मी ठरवलंय. एकटी जाईन म्हटलं, तर आई म्हणाली, दोघी जाऊ. आणि कपाटातून तिने तिच्या दोन साड्या काढून ठेवल्या आहेत, एक स्वतःसाठी आणि एक मला.

तुझीच,
तनुजा