मी शिकवत होते

१८ ऑगस्ट ९९, बुधवार

फिजिक्सचे सर गेले. जळगावच्या कुठल्याशा क्लासला लागले म्हणे. आम्हाला शिपाईकाकांनी सांगितलं. सर्क्युलर मोशन अर्ध्यावर. प्राचार्य म्हणतात दुसरे येतील. कधी ते नाही.

निम्म्या वर्गाने ट्यूशन धरल्यासुद्धा. सगळ्या संध्याकाळच्या. मला शेवटची एसटी गाठायची असते.

घरी सांगितलं नाही. अक्काला तेवढंच पाहिजे. आबांनी शब्द दिलाय, बारावीपर्यंत लग्नाचं काढायचं नाही. पण अक्का माझी आत्या, आबांची मोठी बहीण, तिने लावून धरलं की आबा गप्प होतात. सर नाहीत कळलं तर म्हणेल, मग पोरगी धुळ्याला कशाला जाते?

२१ ऑगस्ट, शनि.

सुजाताने युक्ती काढली. चौथ्या गल्लीत इंटरनेटचं दुकान निघालंय. ती एकदा जाऊन आली. तिचे बाबा सिव्हिलला कंपाउंडर. तेच म्हणाले, नवीन आहे ते शिकून घे.

बाहेरदेशातलं कुठलंतरी एक पान आहे. शाळेच्या मुलांनी गणित-सायन्सचं अडलेलं तिथे लिहायचं, कोणीतरी उत्तर देतं. कोण देतं ते आधी कळत नाही.

फळ्यांची खोपटी केलीत, समोर पडदा. आत दोघी दाटीवाटीने. फोन लागता लागत नव्हता, मशीन नुसतं किंचाळत होतं. मग पान वरून खाली हळूहळू उतरलं.

मी विचारलं: बादली पाण्यासकट गोल फिरवली तर वर उलटी असताना पाणी पडत का नाही? सर सांगून गेले होते, सेंट्रिफ्युगल फोर्समुळे. पण तो फोर्स येतो कुठून, ते विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही.

एवढं इंग्रजीत लिहायला अर्धा तास. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांचं हे असं.

२५ ऑगस्ट, बुध.

उत्तर आलंय! म्हणजे, उत्तर नाही. खाली नाव ‘आर. एच.’ एवढंच. लिहिलंय: तू काय करून पाहिलंस? आणि पाणी पडत नाही, हे तुला कोणी सांगितलं?

सु. चिडली. म्हणाली, उत्तर येत नसेल. मला दिवसभर तेच. पाणी पडत नाही हे कोणी सांगितलं म्हणजे काय? दिसतंच की. मी पाहिलंय का पण?

कानबाईच्या सणाचे रोट अजून संपत नाहीत. डब्यात तेच.

२७ ऑगस्ट, शुक्र.

मागच्या अंगणात बादली फिरवली. हळू फिरवली तेव्हा सगळं पाणी डोक्यावर. जोरात फिरवली, थेंब नाही. परत हळू. परत डोक्यावर.

अक्का दारात उभी. “ह्या पोरले काय व्हयनं? येडी व्हयनी का?”

आई हसली. अक्का नाही.

४ सप्टें., शनि.

कळलं!! आर. ने सांगितलं नाही, नुसते प्रश्न विचारले. पाणी सुटलं तर कुठे जाईल? खाली. आणि त्या वेळी बादली कुठे जाते? तीही खालीच वळते.

म्हणजे पाणी पडतंच. बादली त्याच्या आधी खाली येते म्हणून ते तिच्यातून सुटत नाही. हळू फिरवली की बादली मागे राहते. पुस्तकातला सूत्राचा तुकडा मग आपोआप निघाला. मी काढला. सु. ला रस्त्यात उभं राहून समजावलं, रिक्षावाला हॉर्न मारत होता.

९ सप्टें., गुरु. (पोळा)

आर. च्या उत्तरात एका ठिकाणी वजाऐवजी अधिक पडलं होतं. मागच्या खेपेला भीत भीत लिहिलं होतं. काल उत्तर पाहिलं: बरोबर पकडलंस, चूक माझी.

कुठल्या सरांनी असं म्हटलेलं आठवत नाही.

१६ सप्टें., गुरु.



दादा कॉलेजच्या गेटवर. जीप चालू ठेवून. मागे प्रवासी बसलेले, त्यांच्यासमोर काही बोलला नाही. पुढे बसवलं. दंडाला धरून. अख्खा लळिंग घाट सुसाट. गावात माणसं उतरली, मग:

“कोन शे तो?”

स्टँडवर कोणीतरी त्याला म्हणालं, तुमची निमा पडद्याआड बसते, कोणाला तरी चिठ्ठ्या पाठवते.

म्हटलं, फिजिक्स विचारते. म्हणाला, कोणाला? म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही! पण ते तोंडातून बाहेर पडलं आणि कसं ऐकू आलं ते मलाच कळलं.

“माहीत नाही आणि रोज चिठ्ठ्या?”

घरात अक्काने तेच चारदा विचारलं. पोरगा कोणता, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा. मी सांगितलं, पोरगा आहे का पोरगी का म्हातारं माणूस, तेही माहीत नाही. आर. एच. एवढंच. दादा म्हणाला, पोरगाच असणार, पोरी कशाला लपवतील नाव?

आबा बाजेवर. भिंतीकडे तोंड करून.

१८ सप्टें., शनि.

माझं कॉलेज बंद केलंय. ‘गणपती होऊ दे, मग बघू.’ अक्का म्हणते बठ्ठं गाव बोली राह्यनं. सगळ्या गावाला कसलं, कोणालाच माहीत नव्हतं, तिनेच शेजारी सांगितलं.

पुस्तकं आहेत. गुरुत्वाकर्षण सुरू केलं. एकटीने. पहिल्या पानावरच अडले.

२३ सप्टें., गुरु.

सुजाता आली होती. एसटीने, एकटी. आईने चहा दिला. अक्काने सु. चं आडनाव विचारलं, मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसली ती सु. जाईपर्यंत बाहेर आली नाही. सु. ला कळलं असणार. चहा तेवढा संपवला.

जाताना कुजबुजली: “मी लिहिलंय त्यांना. म्हटलं निमाला घरून बंदी आहे, घरचे विचारतात तुम्ही कोण.”

मला एवढा राग आला. का लिहिलंस? आपल्या घरातलं तिथे कशाला? ती म्हणाली, मग काय करू, बसून राहू?

२८ सप्टें., मंगळ.

स्थळ. जळगावकडचे. मुलगा पतपेढीत. अक्काने जुळवलंय, दसऱ्याआधी बघायला येणार.

मी भाकरी थापत होते तिथूनच बोलले. आबा, तुम्ही शब्द दिला होता. अक्का म्हणाली, शब्द शिकणाऱ्या पोरीला दिला होता.

आबा उठून बाहेर गेले. वाटलं झालं, संपलं. जेवायला बसले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले,

“माले दखाड. काय शे ते दुकान. मी येस तुनासंगे.”

दादा ताटावरून उठला.

१ ऑक्टो., शुक्र.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

एसटीने गेलो. आबा दादाच्या जीपने आले नाहीत. स्वच्छ धोतर, टोपी. दुकानात शिरल्यावर त्यांनी आधी पडदा बाजूला केला आणि गाठ मारून ठेवला.  आबा स्टुलावर, मी खुर्चीवर. मी म्हटलं, आबा तुम्ही खुर्चीवर बसा. “नको, तू लिहिणार ना.”

लाइन लागेना. आबा त्या किंचाळण्याकडे कान देऊन बसले, चेहरा असा की मशीनच काहीतरी सांगतंय. लागली. पान उतरायला लागलं. मला वाटलं होतं मागच्या गणिताचं उत्तर असेल, ते दाखवीन, आकडे दिसले की पटेल. पण सु. च्या प्रश्नाला उत्तर होतं. लांब. गणित नव्हतंच.

“वाच. मराठीत वाच.”

मी वाचायला लागले. निमाच्या वडिलांना नमस्कार. तुमच्या काळजीत काही चूक नाही, अनोळखी माणसाबद्दल विचारलंच पाहिजे. इथपर्यंत ठीक. पुढचं वाक्य, आय वॉज अ टीचर.

थांबले. त्यात बाई आहे की पुरुष, काहीच नाही. इंग्रजीला ते लागतच नाही. मराठीत सांगायचं तर होतो म्हणावं लागतं नाहीतर होते म्हणावं लागतं. मी खाली बघितलं, पुढे कुठे कळतंय का. तळ्याकाठचं लहान गाव, तिथल्या शाळेत शिकवलं. आता गुडघे चालत नाहीत. बहिणीकडे राहणं. सकाळी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. कुठेच नाही. मिस्टर नाही, मिसेस नाही.

“काय झालं?”

“शब्द बघते, आबा.”

होतो म्हटलं असतं तर आबा उठले असते. जळगावचे लोक, पतपेढी, सगळं.

“मी शाळेत शिकवत होते,” मी म्हटलं.

आणि पुढे सगळं तसंच. राहते. देते. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी बसूनच असते. एकदा ‘होते’ म्हटल्यावर बाकीचं आपोआप तसं येत गेलं. आवाज माझाच, पण मलाच ती बाई दिसायला लागली, पांढरे केस, तळं. शेवटी होतं: तुमची मुलगी हट्टी आहे, तिने माझी चूक काढली. अशी मुलं मला फार मिळाली नाहीत.

हे मात्र जसंच्या तसं. यात काही घातलं नाही.

आबा पडद्याच्या गाठीकडे बघत होते. मग म्हणाले, “बहिणीकडे राहतात? म्हणजे मॅडमचं मागे कोणी नसेल.”

आणि मग, “लिही, म्हणावं आम्ही शेतकरी माणसं. कांदा, बाजरी. पोरगी येत जाईल.”

लिहिलं. मॅडम नाही लिहिलं.

३ ऑक्टो., रवि.

आबांनी घरात सांगितलं. “म्हातारी मास्तरीण शे.” अक्का: “बाई शे ना? मंग काय हरकत नही.” तोंड वाकडंच, पण म्हणाली. दादा माझ्याकडे बघत होता.

सोमवारपासून कॉलेज.

११ ऑक्टो., सोम.

जळगावचे येऊन गेले. आबांनी चहापोहे दिले आणि सांगितलं, परीक्षा मार्चमध्ये, त्यानंतर. ते म्हणाले आम्ही तोवर थांबू असं नाही. आबा म्हणाले, तुमची मर्जी. अक्का आबांशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, ते जास्त वाईट.

आबा ओट्यावर लोकांना सांगतात, आमच्या निमाची एक मॅडम आहे, समुद्रापलीकडे. कोणी विचारलं नाव काय, तर म्हणतात त्यांच्यात नुसती अक्षरं असतात.

मी आत निघून जाते.

१४ ऑक्टो., गुरु.

सु. ला सांगितलं. ती आधी हसली, मग नाही. “अगं विचारून टाकू ना, कदाचित बाईच असतील.” आणि नसतील तर? मग मला माहीत असेल. आत्ता निदान माहीत नाही.

सु. म्हणाली, तुझे आबा उद्या दुसऱ्या कोणाला घेऊन आले तर? मी म्हटलं, त्यालाही कळणार नाही, इंग्रजीत नाहीच आहे ते. ती म्हणाली, पुढच्या पत्रात असू शकतं की.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवीन सर आले. केमिस्ट्रीचे आहेत, फिजिक्सही घेणार. फळ्यावर नोट्स उतरवून देतात.

२१ ऑक्टो., गुरु.

सकाळी दादा म्हणाला, आज मी येतो दुकानात. आबा होते समोर, म्हणाले, जा, बघून ये मॅडमचं. मला डबाही धड भरता आला नाही.

त्याने जीप गल्लीच्या तोंडाशी लावली. आत येऊन स्टुलावर बसला, हातात किल्ली फिरवत. दादा दहावीपर्यंत शिकलाय. इंग्रजीत दोनदा राहिला, पण अगदीच काही कळत नाही असं नाही. पान उतरत होतं आणि मी प्रत्येक ओळीत फक्त एकच शोधत होते, कुठे ‘माझी बायको’, ‘माझा नवरा’ असं काही येतंय का.

नव्हतं. एक गणित होतं. रस्ता वळणावर एका बाजूने उचललेला असतो, त्यावरून गाडी किती वेगाने सुरक्षित जाईल. चित्र काढलं होतं रेघांनी.

दादा पुढे वाकला. “हे काय?”

समजावलं. उतार, वळणाची त्रिज्या, वेग. त्याने बोट ठेवलं, “आणि वजन?”

“वजन समीकरणाच्या दोन्हीकडून जातं. रिकामी काय, भरलेली काय, वेग तोच.”

“खोटं.”

“गणितात तसंच येतं.”

“लळिंगच्या वळणावर टपावर माणसं बसलेली असली ना, तेव्हा ये. वेग तोच म्हणे!” आवाज चढला, दुकानवाल्याने वळून पाहिलं. मी सूत्र परत मांडलं. तो ऐकेना.  तो घाट तो रोज चढतो, मी नाही.

शेवटी किल्ली टेबलावर आपटून म्हणाला, “इचार त्याले.”

त्याले. तिले नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. तो स्क्रीनवरच्या रेघांकडेच बघत होता. तोंडातून सहज गेलं, की माहीत आहे, की नुसतं बघायचं होतं मी काय करते? आबांसमोर तोही मॅडम म्हणतो.

मी टाइप केलं: माझा भाऊ जीप चालवतो, तो विचारतो की. त्याने टपाचं नीट लिही म्हणून दोनदा सांगितलं. ‘टप’ला शब्द सापडेना, गाडीच्या डोक्यावर असं लिहिलं. पाठवलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, पुढच्या गुरुवारी उत्तर येईल का? म्हटलं, येईल बहुतेक.

“मग गुरुवारी मीच सोडतो.”